नायिका दुबळी होते तेव्हा : ‘बफी’ आणि तिचे प्रेक्षक

अद्भुतकथेने माणसाला बळ मिळते असे विधान केले की मराठीच्या वर्गात दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली, हे पलायनवादी वाङ्मय आहे. दुसरी, लहान मुलांपुरते ते ठीक आहे. दोन्हींना आपल्याकडे दीर्घ परंपरा आहे. ‘मुक्तामाले’पासून (१८६१) सुरू झालेली अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट ओसरलीही नव्हती तेव्हा, १८७२ मध्ये, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला. तेव्हापासून मराठी समीक्षा अद्भुताकडे काहीशा संशयानेच पाहत आली आहे. हा संशय अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यापायी एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. अद्भुतकथेतून वाचकाला वा प्रेक्षकाला बळ मिळते असे आपण म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय मिळत असते?

रूढ उत्तर असे की नायक बलवान असतो, प्रेक्षक त्याच्याशी तादात्म्य पावतो आणि घटकाभर स्वतःचे दुबळेपण विसरतो. हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. ते का अपुरे आहे हे पाहण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात अमेरिकेत प्रसारित झालेल्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या मालिकेचा आणि तिच्या प्रेक्षकांचा इतिहास येथे विचारात घेतला आहे. मालिका पाहून आपण एखादा कठीण काळ निभावून नेला, असे सांगणाऱ्या प्रेक्षकांचे लेखन या मालिकेइतके क्वचितच दुसऱ्या एखाद्या मालिकेभोवती जमा झाले असेल. शिवाय या बळाची पुढे एक अनपेक्षित परीक्षाही झाली. मालिकेचा कर्ताच संशयाच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याकडे आपण यथावकाश येऊ.

मालिकेच्या आधी त्याच नावाचा एक चित्रपट १९९२ मध्ये येऊन गेला होता. त्याची पटकथा जॉस व्हीडन या तरुण लेखकाची. पण पडद्यावर जे उतरले त्यावर तो समाधानी नव्हता. भयपटांत एक ठरावीक दृश्य असते. सोनेरी केसांची एक मुलगी काळोख्या बोळात शिरते आणि काहीतरी भयंकर तिचा घास घेते. हे दृश्य उलटवावे, बोळात शिरलेल्या मुलीनेच त्या भयंकराचा निःपात करावा, ही त्याची मूळ कल्पना. १० मार्च १९९७ रोजी ‘द डब्ल्यूबी’ या नव्या, तुलनेने लहान वाहिनीवर मालिका सुरू झाली ती हंगामाच्या मध्यात रिकामी जागा भरण्यासाठी, अवघ्या १२ भागांचे पर्व घेऊन. सोळा वर्षांची बफी समर्स घटस्फोटित आईबरोबर कॅलिफोर्नियातील सनीडेल या (काल्पनिक) गावी येते. गावातल्या शाळेखाली नरकाचे मुखद्वार आहे. प्रत्येक पिढीत एकाच मुलीला पिशाचांशी लढण्याचे बळ लाभते, ती ‘स्लेअर’. आपण तिला संहारिका म्हणू. तिच्यावर देखरेख करण्यासाठी लंडनच्या एका पुरातन मंडळाने नेमलेला ‘वॉचर’ म्हणजे शाळेचे ग्रंथपाल रूपर्ट जाइल्स. (ग्रंथालय हेच युद्धाचे ठाणे असलेली दुसरी मालिका आमच्या माहितीत नाही, साहित्याच्या प्राध्यापकांनी या एका गोष्टीवरूनच तिला काही गुण द्यायला हरकत नसावी.)

मालिकेची मुख्य युक्ती भाषिक आहे. पौगंडावस्थेतले अनुभव आपण रूपकात सांगतो. ही मालिका त्या रूपकाचा लक्ष्यार्थ सोडून पुन्हा वाच्यार्थाकडे जाते. वर्गात जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही ती मुलगी खरोखरच अदृश्य होते. स्वतःचे तारुण्य मुलीतून पुन्हा जगू पाहणारी आई मंत्रसामर्थ्याने मुलीच्या देहातच शिरते. पहिल्या रात्रीनंतर प्रियकर ‘बदलला’, असे मुली म्हणतात. जानेवारी १९९८ मधल्या ‘इनोसन्स’ या भागात एंजल हा बफीचा प्रियकर त्या रात्रीनंतर आपला आत्मा गमावतो आणि अक्षरशः राक्षस होतो. अशी कथा पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला कोणी सांगत नाही की तुझे दुःख किरकोळ आहे. उलट, तिचे दुःख ज्या आकाराचे तिला वाटते त्याच आकाराचे ते पडद्यावर दिसते. बळ मिळण्याची सुरुवात आमच्या मते इथे, अनुभवाच्या या मोजमापात होते. बफीच्या ठोशांचा क्रम त्यानंतरचा.

ठोशांचे कौतुक मात्र पुष्कळ झाले. नव्वदच्या दशकात बलवान नायिकांची एक लाटच होती. ‘झीना’ ही मालिका १९९५ मध्येच सुरू झाली होती. बफीलाही वर्तमानपत्री लेखनाने त्या रांगेत बसवले. पण ज्या भागांविषयी प्रेक्षक वीस-पंचवीस वर्षांनंतरही बोलतात ते भाग पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांतल्या बहुतेकांत बफीचे बळ तरी काढून घेतलेले असते किंवा ते असून निरुपयोगी ठरलेले असते.

‘हेल्पलेस’ (जानेवारी १९९९) हा तिसऱ्या पर्वातला भाग या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. बफीचा अठरावा वाढदिवस जवळ आला आहे. दर वाढदिवशी वडील तिला बर्फावरच्या नृत्याचा खेळ पाहायला नेतात. यंदा जमणार नाही असा त्यांचा निरोप येतो. ती आडून आडून जाइल्सना सुचवून पाहते, की वडिलांच्या जागी एखादे वडीलधारे माणूस नेऊ शकते. जाइल्स ऐकून न ऐकल्यासारखे करतात. त्याच दिवसांत ते तिला संमोहनावस्थेत नेऊन तिच्या दंडात स्नायू शिथिल करणारे औषध टोचत असतात. मंडळाची तशी प्रथाच आहे. अठरा वर्षांच्या झालेल्या संहारिकेला तिच्या नकळत दुर्बल करायचे, एका घरात पिशाचासोबत कोंडायचे आणि ती जगते का ते पाहायचे. बळ गेलेली बफी रात्री एकटी घरी निघते तेव्हा रस्त्यावरचे पुरुष तिची छेड काढतात. एरवी अशांना ती कस्पटासमान लेखते. आज मान खाली घालून पावले उचलते. हे छोटेसे दृश्य आम्हांला त्या भागातल्या पिशाचापेक्षा अधिक भयावह वाटले. पुढे ते पिशाच तिच्या आईलाच पळवते. बफी त्याला मारते ती युक्तीने. त्याला गोळ्या घेण्यासाठी पाणी लागते, त्या पाण्याच्या जागी ती मंतरलेले पवित्र जल ठेवते. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रशस्तिपत्रक मंडळाकडून मिळते. जाइल्सना मात्र काढून टाकले जाते. त्यांना तिच्याविषयी पित्याचे प्रेम वाटते, हा त्यांचा दोष.

येथे कथेने एक भेद केला आहे. बळ एक गोष्ट, आणि ते देणारी, मोजणारी, काढून घेणारी सत्ता ही दुसरी. पाचव्या पर्वातल्या ‘चेकपॉइंट’मध्ये (जानेवारी २००१) बफी हा भेद मंडळाला तोंडावर ऐकवते, की तुम्हांला माझी गरज आहे, मला तुमची नाही. सातव्या पर्वातल्या ‘गेट इट डन’मध्ये (फेब्रुवारी २००३) तर या बळाचा उगमच उघड होतो. इतिहासपूर्व काळी तीन पुरुषांनी एका मुलीला साखळदंडांनी जखडून तिच्या देहात राक्षसी शक्ती बळेबळेच घातली, ती पहिली संहारिका. म्हणजे ज्या बळाचा अभिमान वाटावा तेच मुळात जुलमाने आलेले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. २०२१ मध्ये तो प्रेक्षकांच्या कामी आला.

दुसऱ्या पर्वाचा शेवट, ‘बिकमिंग’ (मे १९९८), याच जातीचा. मैत्रीण रुग्णालयात, गुरू शत्रूच्या कैदेत, शाळेतून हकालपट्टी, पोलीस मागावर, आणि आईने सांगितलेले की या दारातून बाहेर पडलीस तर परत येऊ नकोस. तलवारही हातातून गेलेली. समोर एंजल विचारतो की आता तुझ्यापाशी उरले काय. त्याची तलवार चेहऱ्याशी येते तेव्हा ती डोळे मिटून दोन्ही तळव्यांत ते पाते धरते. उत्तरात स्वतःखेरीज ती कशाचेही नाव घेत नाही.

प्रेक्षक आणि मालिका यांच्यात बाहेरचा इतिहास कसा घुसतो याचे एक उदाहरण १९९९ मध्ये घडले. २० एप्रिलला कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक बळी पडले. पुढच्याच आठवड्यात, २७ एप्रिलला, ‘इअरशॉट’ नावाचा भाग दाखवला जायचा होता. त्यात बफीला इतरांचे विचार ऐकू येऊ लागतात, शाळेत कोणीतरी सर्वांना मारण्याचा विचार करीत आहे हे तिला कळते, आणि शाळेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात जोनाथन हा उपेक्षित मुलगा बंदूक घेऊन बसलेला सापडतो. वाहिनीने भाग रोखला. तो २१ सप्टेंबरला दाखवला. पर्वाचा शेवटचा भागही मे महिन्यातून १३ जुलैवर गेला. रोखण्याचा निर्णय त्या दिवसांत समजण्यासारखा होता. पण रोखलेल्या भागात होते काय? जोनाथन कोणालाही मारायला आलेला नसतो, तो स्वतःला संपवायला आलेला असतो. बफी त्याच्याशी झगडत नाही, बोलते. सगळ्यांची मने ऐकून तिला कळलेले असते ते ती त्याला सांगते. ज्यांना तू सुखी समजतोस तीही मुले आतून इतकी घायाळ आहेत, की त्यांना तुझा आक्रोश ऐकू येत नाही. त्यांचे दुर्लक्ष हा तिरस्कार नव्हे. शाळेतल्या एकाकी मुलाला ज्या आठवड्यात हे सांगण्याची सर्वाधिक गरज होती त्याच आठवड्यात ते सांगता आले नाही, हा योगायोग क्रूर आहे.

यातून आणखी एक विचित्र गोष्ट घडली. मे महिन्यात ठरल्याप्रमाणे दाखवल्या गेलेल्या ‘द प्रॉम’ या भागात निरोपसमारंभाच्या रात्री विद्यार्थी बफीला एक छत्री भेट देतात. इतकी वर्षे कोणी उघडपणे न बोललेली गोष्ट पहिल्यांदा बोलली जाते. या तुकडीतले सर्वांत कमी विद्यार्थी दगावले, आणि ते तुझ्यामुळे. भाषण वाचून छत्री देणारा मुलगा जोनाथन. अमेरिकी प्रेक्षकांनी ही कृतज्ञता आधी पाहिली; तिचे कारण त्यांना चार महिन्यांनी कळले. (आणि हाच जोनाथन सहाव्या पर्वात खलनायकांच्या टोळीत सामील होतो. एकदा दिलेला धीर जन्मभर पुरतो, असला भाबडेपणा मालिकेने केला नाही.)

‘द बॉडी’ (२७ फेब्रुवारी २००१) विषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही काही नवे सांगू असा दावा नाही. पण आमचा मुद्दा त्याच्याविना उभा राहत नाही. बफी घरी येते आणि आई कोचावर मृत आढळते. कारण पिशाच नाही, शाप नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. संपूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. मृत्यूच्या प्रसंगी संगीत प्रेक्षकाला सांगते की आता रडा. इथे ते सांगणारे कोणी नाही. बफी मागचे दार उघडते तर बाहेर नेहमीची दुपार चालू असते. मदतीची माणसे आत येण्यापूर्वी ती आईचा वर सरकलेला स्कर्ट नीट करते. विलो या मैत्रिणीला शवागारात जाताना कोणता सदरा घालावा हे ठरवता येत नाही. आन्या ही हजाराहून अधिक वर्षे राक्षसीण म्हणून जगलेली, अलीकडेच माणूस झालेली बाई. मृत्यू म्हणजे काय हे तिला समजत नाही आणि ती लहान मुलासारखे प्रश्न विचारत सुटते. अद्भुतकथेतले सगळ्यांत वास्तव वाक्य बोलायला मालिकेने सर्वांत अद्भुत पात्र निवडले. व्हीडनची स्वतःची आईही मेंदूतील रक्तस्रावाने गेली होती; त्या अनुभवातून हा भाग आल्याचे त्याने सांगितले आहे.

आपल्या आई-वडिलांच्या मृत्यूनंतर हा भाग पुन्हा पाहिल्याचे अनेकांनी लिहिले आहे. वरवर पाहता हे कोड्यात टाकणारे आहे. इथे कोणी जिंकत नाही, सांत्वनही करीत नाही. करुण रसाचा आस्वाद सुखद कसा, या आपल्या जुन्या काव्यशास्त्रीय प्रश्नाचीच ही नवी आवृत्ती. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या कल्पनेने त्याचे काही अंशी उत्तर मिळते. विभाव-अनुभाव ‘माझे’ किंवा ‘तिचे’ या बंधनातून सुटतात म्हणून भाव आस्वाद्य होतो. मात्र त्या कल्पनेत रसिक शोकापासून थोडा वर उचलला जातो. ‘द बॉडी’च्या प्रेक्षकाला वर उचलले जायचे नाही. त्याला आपल्या घरातली ती दुपार कोणीतरी जशीच्या तशी पाहिली होती एवढी खात्री हवी आहे.

पाचव्या पर्वाच्या शेवटी, मालिकेच्या १०० व्या भागात, बफी मरते. सहाव्या पर्वात (ऑक्टोबर २००१ पासून, आता ‘यूपीएन’ या दुसऱ्या वाहिनीवर) मित्रमंडळी तिला मंत्रबळाने परत आणतात. ती नरकयातना भोगत असेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ती शांत होती, बहुधा स्वर्गात होती. ही गोष्ट ती कितीतरी भाग मित्रमंडळींना सांगत नाही. त्यानंतरचे जवळजवळ सबंध पर्व म्हणजे थकवा. तळघरात पाणी तुंबते, बँक कर्ज नाकारते, संहारिका बर्गरच्या दुकानात टोपी घालून उभी राहते. त्या वेळी पुष्कळ प्रेक्षक वैतागले, आणि लेखकांचा तोल या पर्वात अनेकदा जातो हेही खरे. तरी नैराश्याने ग्रासलेल्या प्रेक्षकांना याच पर्वाने आधार दिला. बफीला प्रत्येक राक्षसाला हरवता येते, फक्त सकाळी उठावेसे वाटत नाही. हे जिला रोज वाटते तिला पहिल्या पर्वातल्या उसळत्या मुलीचा काय उपयोग होता?

याच पर्वातला ‘नॉर्मल अगेन’ (१२ मार्च २००२) हा भाग आमच्या सुरुवातीच्या प्रश्नालाच हात घालतो. विषबाधेमुळे बफीला वारंवार दिसू लागते की आपण एका मनोरुग्णालयात आहोत. सनीडेल, पिशाचे, संहारिका हा सगळा सहा वर्षांचा भ्रम आहे. आणि आई-वडील जिवंत आहेत, एकत्र आहेत, मुलीने भानावर यावे म्हणून वाट पाहत आहेत. म्हणजे पलायनवादाचा आरोप मालिका स्वतःच स्वतःवर ठेवते, आणि तोही आई परत देण्याच्या आमिषासह. आई तिला समजावते, की तुझ्या अंतरात सामर्थ्य आहे, स्वतःवर विश्वास ठेव. मुलीने भ्रम सोडून खऱ्या जगात यावे यासाठी दिलेला तो धीर. बफी आईचे आभार मानते, निरोप घेते आणि त्याच धीराच्या बळावर सनीडेलमध्ये परत जाऊन मित्रांना वाचवते. अखेरचे दृश्य मात्र रुग्णालयातले आहे. कोपऱ्यात निश्चल बसलेली मुलगी, डोळे शून्यात. कोणते जग खरे हे मालिका सांगत नाही. आधार देणारी वस्तू खरी असलीच पाहिजे काय, हा प्रश्न इतक्या निर्भयपणे विचारलेला आम्ही फार थोड्या ‘गंभीर’ कलाकृतींत पाहिला आहे.

याच्या पुढे दोन महिन्यांनी मालिकेने आपल्या काही प्रेक्षकांना जखम केली. विलो आणि टॅरा या दोघींची जोडी डिसेंबर १९९९ मधल्या ‘हश’ या भागापासून जुळत आली होती. सगळ्या गावाचा आवाज चोरीला गेलेला असताना दोन बुजऱ्या मुली हातात हात घेतात आणि त्यांच्या एकत्रित मंत्रशक्तीने एक अवजड यंत्र सरकून दाराला टेकते. त्या काळी अमेरिकी दूरचित्रवाणीवर दोन स्त्रियांचे प्रेम इतक्या दीर्घकाळ आणि इतक्या साधेपणाने दाखवणाऱ्या मालिका विरळाच होत्या. त्यांचे पहिले चुंबन दाखवले गेले ते ‘द बॉडी’मध्ये, शोकाच्या मध्यभागी, कसलाही गाजावाजा न करता. अनेक समलिंगी तरुणींनी आपले जगणे या दोघींच्या आधारावर तोलले होते. ७ मे २००२ रोजी ‘सीइंग रेड’ या भागात, दोघींचे भांडण मिटल्यावर लगेचच, खिडकीतून आलेल्या भटक्या गोळीने टॅरा मरते. तिची भूमिका करणाऱ्या अँबर बेन्सनचे नाव श्रेयनामावलीत मुख्य कलाकारांत झळकले ते त्या भागात पहिल्यांदा आणि शेवटचे. समलिंगी पात्राला सुखाचा क्षण लाभला की त्याला मारायचे, हा पडद्यावरचा जुना संकेत इथेही पाळला गेला अशी टीका झाली. लेखकांचे म्हणणे होते की कथेची गरज होती, इथे प्रत्येकाचे प्रेम उद्ध्वस्त होते. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. पण ज्याच्यापाशी आधाराच्या दहा जागा आहेत त्याची एक गेल्याने काही बिघडत नाही. इथे पुष्कळांपाशी एकच होती. आमचा कौल प्रेक्षकांच्या बाजूने आहे.

२० मे २००३ रोजी १४४ व्या भागात मालिका संपली. ‘चोझन’ नावाच्या या भागात बफी एक साधी कल्पना मांडते. प्रत्येक पिढीत एकच संहारिका, हा नियम मेलेल्या काही पुरुषांनी केला. तो आपण बदलू. विलोच्या मंत्राने ते बळ जगभरच्या सर्व संभाव्य मुलींमध्ये पसरते. आपल्याला मारायला उगारलेला हात एक मुलगी मध्येच पकडते. बेसबॉलच्या मैदानात चेंडूची वाट पाहणाऱ्या एका लहान मुलीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटते. साधारणीकरण हा शब्द आम्ही वर वापरला. इथे कथानकानेच तो शब्दशः अमलात आणला, असे म्हणण्याचा मोह होतो. मालिकेच्या मर्यादा इथेही लपत नाहीत. सनीडेल अखेरपर्यंत जवळजवळ गोऱ्यांचेच गाव राहिले, आणि साखळदंडांत जखडलेली ती पहिली संहारिका आफ्रिकी होती, याचा हिशेब कथेने पुरता कधीच मांडला नाही.

विद्यापीठांनी या मालिकेकडे लवकर लक्ष दिले. डेव्हिड लॅव्हरी आणि ऱ्होंडा विल्कॉक्स यांनी २००१ मध्ये ‘स्लेएज’ हे संशोधनपत्र सुरू केले. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच येथे आणि २००४ मध्ये नॅशव्हिल येथे परिषदा भरल्या. विल्कॉक्स यांचे ‘व्हाय बफी मॅटर्स’ (२००५) हे पुस्तक आजही वाचनीय आहे. विद्यापीठाबाहेरही साक्षी आहेत. जॉर्जियातील मतदार-नोंदणीच्या चळवळीने आणि राज्यपालपदाच्या लढतींनी प्रसिद्धीस आलेल्या स्टेसी एब्रम्स या राजकारणी बाईंनी बफीवरचे प्रेम उघडपणे सांगितले आहे. बफीच्या दोन प्रियकरांच्या वादात त्यांनी दिलेला निवाडा असा, की बळ अंगी येत असताना एंजल योग्य होता आणि ती स्वतःच बळ झाली तेव्हा स्पाइक. चाहत्यांच्या चिरंतन भांडणात इतके मार्मिक वाचन आमच्या पाहण्यात नाही, जरी स्पाइकने बफीवर केलेला बलात्काराचा प्रयत्न त्यात कुठे बसवायचा हा प्रश्न उरतोच.

आता कर्त्याविषयी. व्हीडनला स्त्रीवादी लेखक म्हणून मोठी मान्यता होती. २००६ मध्ये ‘इक्वालिटी नाऊ’ या संस्थेने त्याचा गौरव केला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची पूर्वपत्नी काई कोल हिने जाहीर लेख लिहून त्याच्या स्त्रीवादी प्रतिमेला ढोंग म्हटले. १० फेब्रुवारी २०२१ रोजी कॉर्डेलियाची भूमिका करणाऱ्या करिश्मा कार्पेंटर हिने निवेदन दिले. ‘एंजल’ या उपमालिकेच्या काळात ती गरोदर असताना त्याने आपल्या शरीराची आणि श्रद्धेची टवाळी केली आणि बाळंतपणानंतर आपल्याला कामावरून काढले, असा तिचा आरोप होता. अँबर बेन्सन आणि मिशेल ट्रॅक्टनबर्ग यांनी तिला दुजोरा दिला. बफी साकारणारी सारा मिशेल गेलर म्हणाली की बफी समर्स या नावाशी आपले नाव जोडलेले असण्याचा अभिमान आहे, पण व्हीडनच्या नावाशी ते कायमचे जोडलेले असू नये. जानेवारी २०२२ मध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत व्हीडनने काही आरोप नाकारले. आपण सौजन्याने वागलो नाही इतपत कबूल केले.

लेखक आणि कृती वेगळी करा, हा सल्ला समीक्षेच्या वर्गात देणे सोपे असते. जिने सोळाव्या वर्षी या मालिकेच्या आधाराने घरातली मारहाण सोसली आणि पुढे तिला तोंड दिले, तिला हा सल्ला कोरडा वाटेल. तिच्या हाताशी मात्र दुसरे काही होते, आणि ते तिला सिद्धान्ताने नव्हे तर कथेनेच दिले होते. २०२१ मध्ये जे लिहिले गेले त्यात वॉचर-मंडळाचा, ‘हेल्पलेस’मधल्या सुईचा, साखळदंड आणणाऱ्या त्या तीन पुरुषांचा दृष्टान्त अनेकांना सुचावा हे स्वाभाविक होते. बळ ज्यांच्या हातून आले ते त्याचे मालक नव्हेत, हे प्रेक्षक सात वर्षे पाहत आले होते. ‘स्लेएज’मागच्या अभ्यासक-संस्थेनेही आपल्या नावातून व्हीडनचे नाव काढून तेथे बफीचे घातले.

कॉर्डेलियाच्या बाबतीत हे इतके सहज होत नाही. बफीचे पात्र निदान कथेत पूर्णत्वाला गेले. श्रीमंत, उथळ, फटकळ मुलीपासून परदुःखाने कळवळणाऱ्या स्त्रीपर्यंत वाढत गेलेली कॉर्डेलिया ‘एंजल’च्या चौथ्या पर्वात अन्य शक्तीने झपाटलेली, गर्भारपण लादलेली आणि अखेर बेशुद्धीत ढकललेली बाई होते. अभिनेत्रीचे निवेदन वाचल्यावर ते पर्व आम्हांला पूर्वीसारखे पाहता येत नाही. पात्राची शिक्षा कुठे संपते आणि बाईची कुठे सुरू होते ते कळेनासे होते. ज्यांनी बफीऐवजी कॉर्डेलियाकडून धीर घेतला त्यांना २००४ मधला तिचा एकच निरोपाचा भाग तेवढा मिळाला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘स्लेअर्स : अ बफीव्हर्स स्टोरी’ ही श्राव्य मालिका आली. व्हीडनचा तिच्याशी संबंध नव्हता. टॅराची भूमिका करणाऱ्या अँबर बेन्सननेच ती ख्रिस्तोफर गोल्डन यांच्यासह लिहिली आणि टॅराला आवाजही दिला. संहिता म्हणून ती जुन्या मालिकेच्या उंचीला पोचत नाही. प्रसंगांची गर्दी आहे, आणि विनोद कधी कधी ओढूनताणून आणलेला वाटतो. तिच्यात एक समांतर जग आहे. त्या जगात संहारिका एकच आहे, आणि ती आहे करिश्मा कार्पेंटरच्या आवाजातली कॉर्डेलिया. बफी तेथे नाही.